तो निळा आमचा नव्हता

मी, खाली अंगठा उठवणारी, धंदा कपडे रंगवण्याचा, वय ऐंशीच्या अलीकडे की पलीकडे हे सांगायला आता कोणी उरलेले नाही, असे लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. थोरल्या सुनेचे मत वेगळे आहे, पण तिच्याकडे कोणी दाखला मागितलेला नाही. हे मृत्युपत्र मी राजीखुशीने करीत आहे, कोणी माझ्या मानेवर बसलेले नाही. मला अक्षर येत नाही. मी सांगते, वकील लिहितात. मी बोलेन तसे उतरवायचे, मध्ये स्वतःचे शहाणपण घालायचे नाही, असे आमचे ठरले आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, कारण मरायला सवड नव्हती.

कलम एक. मी राहते ते घर माझ्या पश्चात थोरल्या मुलास मिळावे. तो पाण्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला आहे आणि तपासल्याशिवाय कशावर विश्वास ठेवत नाही, माझ्या हातच्या जेवणावरसुद्धा. मागची भिंत ओल धरते, हे मी त्याला कधीपासून सांगते आहे. तो म्हणतो, "आई, मोजून बघू." मी गेल्यावर तरी त्याने ती मोजावी. तोवर ती उभी असली तर.

कलम दोन. बँकेतली ठेव आणि कानातले माझ्या लेकीला. अट अशी की तिने गोड खायला सुरुवात करावी. भाऊ घरी येईपर्यंत गोड तोंडात घालणार नाही असे तिने देवाला सांगून ठेवले आहे. त्याला इतकी वर्षे झाली की तिची साखर डॉक्टरांना दाखवण्यासारखी झाली. भाऊ कोण आणि कुठे, ते पुढे येईल. ही अट ऐकून ती घाबरली. "आई, देवाला दिलेला शब्द मोडू?" मी म्हटलं, "मोड. सांग त्याला, आईने मोडायला लावला. मी त्याला भेटतेच आहे, तिथे काय ते बोलून घेईन."

कलम तीन. रंगाचे हंडे, ढवळायचे दांडे आणि वाळत घालायच्या दोऱ्या जो कोणी हा धंदा करील त्याला फुकट द्याव्यात. कोणी न मिळाल्यास भंगारात घालाव्यात. मात्र कोपऱ्यावरच्या लाँड्रीवाल्याला यातली गाठ मारलेली सुतळीही देऊ नये. त्याने स्वतःच्या पावडरने कपडे फिके केले आणि गिऱ्हाइकांना सांगितलं, म्हातारीचा रंगच कच्चा. मी त्याला माफ करून जावं असं लेकीचं म्हणणं आहे. मी जाते आहे, एवढं त्याला पुरे.

कलम चार. धाकट्या मुलाचा हिस्सा, म्हणजे हे दुकान. इथे वकिलांचं पेन थांबलं.

"आजी, हयात लिहू की मयत?"

"तिसरं काही नाही का?"

"कायद्यात नाही."

"मग तो कायदा कुठल्या आईला विचारून केलेला नाही."

पण काही तरी एक लिहावं लागतं. हयात लिहिलं तर त्याचा हिस्सा त्याच्या नावावर अडकून पडतो आणि त्याची बायको, माझी धाकटी सून, त्या हिश्शाला आणि त्या नावाला राखण बसते. मयत लिहिलं तर ती सुटते. म्हणून सगळं सांगते.

धाकटा रंगवलेल्या कापडाचे गठ्ठे घेऊन होडीने नदीपलीकडे निघाला होता. नदी फुगली होती. होडी उलटली. काही जण पोहत आले, काही सापडले. तो आलाही नाही, सापडलाही नाही. बऱ्याच दिवसांनी खाली धरणाच्या जाळीला एक देह लागला. चेहरा ओळखण्यासारखा राहिला नव्हता. अंगात निळा शर्ट. धाकटा निळाच शर्ट घालून गेला होता, आणि तो मी माझ्या हाताने रंगवला होता. दवाखान्यात तो शर्ट टेबलावर पसरला आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. धाकट्या सुनेने शर्टाकडे नजरसुद्धा टाकली नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी कापड खिडकीच्या उजेडात धरलं, शिवण उलटून आतली बाजू पाहिली, कारण तिथे रंग जास्त टिकतो. आणि म्हटलं, "हा निळा आमचा नाही."

थोरला म्हणाला, "आई, इतके दिवस पाण्यात राहून कुठला रंग राहतो?" त्याने तुकडा कापून तपासायला नेला. आमच्याच पुडीचा रंग निघाला. मी म्हटलं, ती पुडी अर्धा बाजार विकतो. तेही खरंच होतं. लेक म्हणाली, "देवानेच तुझ्या तोंडून वदवलं." सून तिथून निघाली. घरी आली आणि दुकान उघडून बसली.

कोणी हक्क सांगितला नाही म्हणून त्या देहाला बेवारस म्हणून माती दिली. तो आमचा असेल, तर आई तिथे उभी असताना तो बेवारस गेला. हे वाक्य वकील गाळत होते. मी गाळू दिलं नाही.

मला काय दिसलं ते विचाराल, तर हिरवट झाक दिसली. आमच्या निळ्यात ती नसते. पण ती झाक कापडात होती की माझ्याच डोळ्याने तिथे नेऊन ठेवली, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं आणि आताही येत नाही. रंगकामात माप थोरल्यासारखं लागतं. ओला कपडा भलताच गडद दिसतो, तो वाळून मनासारखा उतरेपर्यंत लेकीसारखा विश्वास लागतो. आणि हंड्यातून कधी बाहेर काढायचा, ते हाताला आपोआप कळावं लागतं, ते माझं. हंड्याशी उभी असताना या तिन्हींचं माझ्यात कधी भांडण झालं नाही. पोराच्या बाबतीत तिन्ही तीन दिशांना गेले, आणि मी कोणामागे गेले ते मलाच कळलं नाही.

पुढे माझी आशा गेली. रडून-भेकून नव्हे. जुनं गिऱ्हाईक यायचं बंद होतं आणि आपल्या बरंच उशिरा लक्षात येतं, तशी. पण सुनेची गेली नाही. ती तिला मीच दिलेली, आणि आता मागितली तरी ती परत करत नाही. सूत घेऊन येणारा एक विधुर होता. चांगला माणूस, हिशेबात सरळ, बोलण्यात मऊ. त्याने तिला विचारलं, मला विचारलं, पुन्हा तिला विचारलं. ती म्हणायची, "आईंनी शर्ट बघून नाही म्हटलंय." गेल्या वर्षी त्याने दुसरीकडे संसार मांडला. त्याचं काही चुकलं नाही.

म्हणून मी सांगते, मयत लिहा. धाकट्याचा हिस्सा त्याच्या विधवेस मिळावा. हे मी डोळ्याच्या भरवशावर सांगत नाही, देवाच्या नाही, की थोरल्याच्या तपासणीच्याही नाही. ती अजून चाळिशीत आहे, एवढ्यासाठी सांगते.

कलम पाच. कपडे रंगवण्याचे दुकान आणि मागची खोली माझ्या पश्चात वर्षाच्या आत विकावी. येणारी सर्व रक्कम धाकट्या सुनेची. अट ही की तिने या गल्लीत राहू नये. घेणाऱ्याने दुकानाचे दार काढून भिंत घातली तर उत्तम. वाट बघायला दार लागतं.

इथपर्यंत झालं तोच सून पाणी घेऊन आली. तिला वाचता येतं. तिने कागद उचलला आणि उभ्यानेच वाचला.

"आई, तेव्हा तुम्ही खोटं बोललात का?"

"नाही ग."

"मग आता खोटं लिहिताय?"

मी मन घट्ट केलं आणि म्हटलं, "तो शर्ट आपलाच होता. मला शिवण उलटली तेव्हाच कळलं होतं." हे मी ठरवून खोटं बोलले. वकील समोर होते. तिला मोकळं करायला माझ्याकडे दुसरं काही शिल्लक नव्हतं.

ती हसली. "आई, तुम्हाला खोटं बोलता येत नाही. लगेच नाकाशी हात जातो."

गेला होता मेला.

"दुकान नसेल तर ते आल्यावर कुठे जातील?" तिने विचारलं.

"थोरल्याकडे. तो आधी तपासून घेईल, मग आत घेईल."

या वेळी ती हसली नाही.

कलम सहा. वकिलांच्या आग्रहावरून. धाकटा मुलगा परत आल्यास थोरल्याने त्याला घरातली एक खोली द्यावी आणि एवढं वाचून दाखवावं: बाळा, तुझ्या आईने तुला मयत लिहिलं, कोणाच्या सांगण्यावरून नाही. तुला राग यावा. भांडायला मी नसेन, तरी यावा. हे कलम कधी वाचावं लागेल असं मला वाटत नाही.

साक्षीदार दोन लागतात. डॉक्टरांनी सही केली. शिंपी यायचे होते. तेवढ्यात सुनेने पेन उचललं.

वकील गडबडले. "ताई, थांबा. ज्याला मृत्युपत्रातून मिळतं त्याने साक्षीदार व्हायचं नसतं. तुम्ही सही केलीत तर तुम्हाला मिळणारं सगळं रद्द होईल."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणूनच करते आहे. दुकानावर नाव त्यांचंच राहू दे."

मी तिच्या हातातून पेन काढून घेतलं. जन्मात पहिल्यांदा धरलं, तेही मुठीत, दांड्यासारखं. तिने ओढलं नाही. पदराला हात पुसला आणि पुढे दुकानात जाऊन बसली. मी तिला देऊ शकते ते दिलं आहे. ती घेणार नाही, हे माझ्या डोळ्याला दिसतं आहे, आणि या वेळी कशाची झाक वगैरे काही नाही.

मृत्युपत्र करणारी: डाव्या हाताचा अंगठा.
साक्षीदार: डॉक्टर. शिंपी.
लिहून घेणार: वकील. वाचून दाखवले, मान्य केले.
स्थळ: दुकानामागची खोली.
दिनांक: वकिलांच्या शिक्क्याप्रमाणे. वार बुधवार, भर दुपार. दुकान उघडे.