मिस्त्रीच्या डोक्यातलं काढून घेताना

३ मार्च, सकाळी ९.१०
आजपासून मी नॉलेज मॅनेजर. अठरा वर्षं स्टोअरमध्ये नटबोल्ट दिले-घेतले, ते पर्व संपलं. तीन दिवसांचा कोर्स, फ्रेम केलेलं सर्टिफिकेट, जिन्याखाली स्वतंत्र केबिन. केबिनला दार नाही. ज्ञानाला दार नसावंच.
कोर्सचे सर म्हणाले, डॉक्टर, वकील यांच्या पंगतीत आता आपलं पान मांडलं जाणार. मान्यता दोन-चार वर्षांवर आलीय. बायकोला हे सांगितलं. तिनं विचारलं, पगार? म्हटलं, तोच. ती भाजी चिरायला लागली. जरा जोरात.
पहिलं काम: प्रेस शॉपचा मिस्त्री. पत्र्याची झाकणं ठोकणारी चार मशीनं एकतीस वर्षं तोच सांभाळतो. जूनमध्ये रिटायर होणार. त्याच्या डोक्यातलं सगळं कागदावर उतरवायचं. अंदाजे एक आठवडा.

४ मार्च
मिस्त्रीला म्हटलं, तुमच्या डोक्यातलं काढून घ्यायला आलोय. त्यानं हातातला पाना फेकला. माझ्या कानावरून गेला, मागची काच फुटली. कोर्समध्ये याला 'सुरुवातीचा विरोध' म्हणतात. लक्षण चांगलं आहे.
उद्यापासून हेल्मेट.

९ मार्च
मिस्त्री बोलला! दोन तास! बारा पानं भरली. त्यातली चारेक नुसत्या शिव्यांची, बऱ्याचशा मला उद्देशून. बाकीचं फॉरमॅटमध्ये बसेना. फॉरमॅटमध्ये आठच ओळी आहेत. आठ ठेवल्या, उरलेलं खोडलं. ज्ञान कसं सुटसुटीत हवं.
मेहुणा दोन नंबरच्या मशीनवर असतो. बायकोचा धाकटा भाऊ, मीच चिकटवलाय. तो म्हणाला, दाजी, मिस्त्री जे घसा फोडून सांगत होता तेच यात नाही. म्हटलं, तू मशीन चालव, ज्ञान मी चालवतो.

१६ मार्च, दुपारी ४
आज 'ज्ञान-संवाद'. दोन्ही पाळ्यांचे फोरमन समोरासमोर बसवले. विषय, मशीनमध्ये साचा कसा बसवावा. पहिल्या पाळीचा म्हणाला, दुसरी पाळी साचे फोडते. दुसरा म्हणाला, परत बोल. तो परत बोलला. मग खुर्ची.
पहिल्याचा पुढचा दात गेला. दुसऱ्याच्या भुवईला चार टाके. प्रोजेक्टर वारला. मिनिट्समध्ये लिहिलं: चर्चा उत्स्फूर्त, सर्वांचा सक्रिय सहभाग. मॅनेजरसाहेबांनी एवढंच विचारलं की जिंकलं कोण.
बायकोनं विचारलं, शर्टावर रक्त कुणाचं? म्हटलं, संमिश्र.
संकल्प: रागावर ताबा. इतरांच्या.

२ एप्रिल
पुस्तिका छापून आली! लॅमिनेटेड! दर मशीनला एक. मिस्त्रीला आजपासून पॅकिंगला टाकलंय. पुस्तिका असताना मिस्त्री कशाला, असं साहेबांचं म्हणणं. म्हणजे मूळ वाक्य माझ्या ईमेलमधलं.
मिस्त्री केबिनमध्ये आला. माझी कॉलर धरून मला भिंतीवर असा आपटला की सर्टिफिकेट खाली आलं. म्हणाला, "पोरांचे हात तोडशील तू."
अभिप्राय नोंदवला. वर्गवारी: भावनिक.

८ एप्रिल, सकाळी ११.४०
घाईत लिहितोय. अक्षराकडे लक्ष देऊ नये.
दोन नंबरपाशी उभा राहून मेहुण्याला पाचवी ओळ वाचून दाखवत होतो. 'पेडलवरून पाय काढावा. मग हात घालून झाकण काढावे.' त्यानं पाय काढला. हात आत घातला. मिस्त्री पॅकिंगची गाडी ढकलत मागून चालला होता. एकदम ओरडला, गाडी टाकून झेपावला, मेहुण्याचा हात मनगटाला धरून बाहेर ओढला. पेडलवर कुणाचाही पाय नव्हता. मशीन तरीही खाली आलं. मिस्त्रीचा हात आत राहिला.
तीन बोटं. उजव्या हाताची. आवाज झाकण कापल्यासारखाच आला.
दोन्ही फोरमननी त्याला उचललं. बोटं फडक्यात बांधून मेहुणा मागून पळाला. मी पुस्तिका धरून उभा. तिच्यावर उडालं होतं ते पुसलं. लगेच निघालं. लॅमिनेशनचा फायदा.

त्याच दिवशी, दुपारी ३
गेटवर सगळ्यांनी घेरलं. पहिला ठोसा मेहुण्याचा. नाक. मग कुणाकुणाचे, ते मोजले नाहीत. एकानं पुस्तिका तोंडात कोंबली. लॅमिनेशनला धार असते. ओठ फाटला. उरलेल्या पुस्तिका रस्त्यावर पेटवल्या, काळा धूर गेटच्या वर गेला. वॉचमन हात शेकत होता.
घरी बायकोनं सगळं रक्त पुसलं, मलम लावलं. मग एक सणसणीत ठेवून दिली. म्हणाली, माझ्या भावाचा हात गेला असता.
संकल्प: सुधारित आवृत्ती.

१५ एप्रिल
चौकशी. अधिकाऱ्यांनी खोडलेली पानं मागवली. सातवं पान सगळ्यांसमोर वाचलं. 'क्लच झिजला की दोन नंबरचं मशीन पेडल न दाबता दुसरा ठोका मारतं. त्याच्या आधी आवाज बदलतो. बदलला की हात आत घालायचा नाही. आईची शपथ आहे.' समासात माझं अक्षर: 'गप्पा. वगळावे.'
मी म्हटलं, साहेब, आमचा व्यवसाय अजून विकसित होतोय. वीस मिनिटं त्याची वाटचाल समजावली. त्यांनी पेनाला टोपण लावलं.
पद रद्द. सोमवारपासून परत स्टोअर.

२० एप्रिल, हॉस्पिटल, भेटीची वेळ ४ ते ५
बायकोनं बळंच पाठवलं. मेहुणा रोज येतो म्हणे. मिस्त्रीचा उजवा हात बँडेजमध्ये, डाव्यात चमचा. त्यानं लोखंडी कॉटचा पाय वाजवला. मग जोड सैल होता तिथे वाजवलं. मेहुणा डोळे मिटून ऐकत होता.
मी टिपणांसाठी खिशातली कोरी वही काढली. मेहुण्यानं ती हिसकावली, टराटरा फाडली, तुकडे माझ्या तोंडावर मारले. शेजारच्या पेशंटनं पांघरूण डोक्यावरून घेतलं.
मिस्त्री म्हणाला, "असू दे रे." मग मला म्हणाला, "बस. लिहू नको. ऐक."
बसलो. त्यानं वाजवलं. परत वाजवलं. विचारलं, फरक कळला?
मेहुणा हो म्हणाला. मीही हो म्हणालो.
मला दोन्ही आवाज सारखेच वाटले.