देवीची मनाई

माय, तुझ्या माहेरच्या पोरींचे कान टोचत नव्हते, नाकही नाही. देवीची मनाई, एवढंच तू सांगायची. चिमूरच्या यात्रेत मी तुझा हात सोडून कान टोचणाऱ्यापुढं जाऊन बसले होते. मैत्रिणींच्या कानात बाळ्या होत्या अन् मला माझ्या मोकळ्या कानांची लाज वाटायची. त्यानं सुई उचलली, तेवढ्यात तू गर्दीतून आलीस, मला दंडाला धरून ओढलंस आणि पाठीत धपाटा घातलास. "देवीले रक्त दाखवतं काय? माही मावशी टोचून आली अन् कितीक दिवस ओला पदर कानाले लावून बसली, मालूम हाय तुले?" मी रडत राहिले. मग तू मला भजे घेऊन दिलेस, स्वतः एकही खाल्लं नाहीस. त्याआधी किंवा त्यानंतर तू मला कधी मारलं नाहीस.

तुझंही रक्त थांबत नसे, हे मला मोठी झाल्यावर कळलं. महिन्याची पाळी आली की तुझी सरतच नसे. भाताच्या रोवणीच्या दिवसांत तू मुद्दाम खोल चिखलाच्या बांधीत उभी राहायची, तिथं कपड्यावरचं काही दिसत नाही म्हणून. शेजारची काकू म्हणायची, "दवाखान्यात जाय वं." तू हसायची. "काय सांगू त्यायले? आमच्या घरच्या बायकांचं असंच असते." तुझ्या मायचं तसंच, मावशीचं तसंच. सगळ्यांचंच तसं, तर त्याला आजार कोण म्हणेल? माझी धाकटी बहीण झाली तेव्हाही तुझं वाहतच राहिलं आणि गाडी मिळेपर्यंत तू गेलीस. आजी, तुझी सासू, पोरीकडं बघून म्हणाली, "पांढऱ्या पायाची आली." आजी वाईट नव्हती, माय. शेळीचं दूध पाजून धाकटीला तिनंच जगवलं. पण चिडली की तिच्या तोंडून तेच निघायचं.

धाकटी तेरा वर्षांची झाली आणि तिला पहिली पाळी आली. मी तेव्हा माहेरी आलेली. रक्त काही केल्या थांबेना, पोरगी कागदासारखी पांढरी पडत चाललेली, आणि आजी म्हणते, "होते असं. तुह्या मायचं बी असंच होतं." तेच वाक्य ऐकलं अन् मी उठले. पोरीला उचललं, काळीपिवळी जीपमध्ये घातलं आणि ब्रह्मपुरीचा दवाखाना गाठला. भरती करताना नर्स म्हणाली, "पोरीचं सोनं काढून घ्या."

"सोनं नाई जी. हिचे कान टोचलेच नाई."

"काऊन?"

"देवीची मनाई हाय. टोचलं का आमच्या घरच्या बायकांचं रक्त थांबत नाई."

डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता थांबल्या. "कोणाकोणाचं?" मी तुझं सांगितलं, तुझ्या मायचं, मावशीचं. मग हळूच माझंही सांगितलं. ते तोवर मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

पोरीला रक्त चढवलं, पुढं नागपूरला तपासणी झाली. बाई म्हणाल्या, रक्त गोठायला जे लागतं ते हिच्यात जन्मापासूनच कमी आहे. तुमच्यातही, आणि ते आईकडून आलं. असा आजार पुरुषांनाच होतो असं लोक धरून चालतात, म्हणून बायकांकडं कोणी बघत नाही. यावर औषध आहे. दात काढायचा असो की बाळंतपण, आधी डॉक्टरांना सांगायचं. म्हणजे मनाई खरीच होती, माय, फक्त आजार कोणाला माहीत नव्हता. औषध आहे म्हटल्यावर मला रडू आवरेना. तुझ्या वेळी कोणीतरी एवढंच विचारायला पाहिजे होतं.

धाकटी खाटेवर पडून सगळं ऐकत होती. बाई गेल्यावर म्हणाली, "ताई, मंग माय माह्या पायानं नाई गेली न?"

माय, आजीचं ते बोलणं ती लहानपणापासून मनात घेऊन फिरत होती, आणि आम्हाला वाटायचं लेकराला काय कळते.

"नाई वं," मी म्हटलं. "आजारानं गेली."

"मले पाहून काय म्हणे?"

"पोरीचे डोळे माह्यावर गेले म्हणे. हसली."

ती भिंतीकडं तोंड करून शांत झोपली.

तू हसली नव्हतीस, माय. तुझी शुद्ध केव्हाच हरपली होती, तू तिला पाहिलंसुद्धा नाहीस. आता धाकटी तिच्या पोरीला डोळ्यांचं ते तुझं वाक्य सांगत असते. म्हणून हे पत्र लिहून झालं की मी चुलीत घालणार आहे.