काय वाटतं ते न कळलेल्या माणसाची निरवानिरव

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा लिफ्टदुरुस्ती (तीन वर्षांपासून बंद), राहणार तिसरा मजला, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवत आहे. कोणाचा दबाव नाही. "शरीराने व मनाने स्वस्थ असताना" असे इथे लिहितात, असे वकीलबाई म्हणाल्या. शरीर ठीक आणि बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. स्वस्थ मात्र मी कधीच नव्हतो. एवढे लिहिताना चार वेळा उठलो, खिडकी उघडली, लावली, तहान नसताना पाणी प्यायलो. तेव्हा तो एक शब्द गाळतो.

कलम एक. राहते घर व बँकेतली ठेव माझ्या एकुलत्या एक मुलीस. न्हाणीघराची कडी जरा वर उचलल्याशिवाय लागत नाही. घर तिने विकले तर मला वाईट वाटेल का, हे दोन दिवस स्वतःला विचारले. उत्तर आले नाही. हरकत नाही असे धरावे.

कलम दोन. पाने, पकडी, तेलाची पिचकारी, मीटर आणि पत्र्याची पेटी माझ्या कामातल्या जोडीदारास. आवाजामुळे त्याला सगळे भोंगा म्हणतात. सव्वीस वर्षे आम्ही बरोबर काम केले. इमारतीचे सेक्रेटरी विचारायचे, हे रागावलेत का? तो माझ्याकडे बघून सांगायचा, रागावलेत, मान लाल झालीय. तेव्हा कुठे मला कळायचे. हत्यारे त्याला देतो ती एवढ्यासाठीच, बाकी त्याला पाना नीट धरता येत नाही.

कलम तीन. थोरल्या भावास काहीही नाही. याचे कारण लिहिणे भाग आहे, म्हणजे पुढे वाद नको.

सहा वर्षांपूर्वी माझी बायको रुग्णालयात चौथ्या मजल्यावर नऊ दिवस होती. लहान रुग्णालय, लिफ्ट एकच. तिचा ब्रेक घासत होता, मी पहिल्या दिवसापासून ऐकत होतो. दहाव्या दिवशी दुपारी डॉक्टर बाहेर आले आणि ती गेली म्हणाले. मुलगी बाकावर बसली. मी लिफ्टवाल्याकडून किल्ली घेतली, गच्चीवरच्या यंत्रखोलीत गेलो, लिफ्ट बंद केली आणि ब्रेक उघडला. दोन तास लागले. मधे खालून कोणीतरी हाका मारत होते. मी हातातले काम सोडले नाही.

तेवढ्या वेळात माझ्या बायकोला जिन्याने खाली न्यावे लागले. स्ट्रेचरची पुढची बाजू भावाने धरली होती, त्याची पाठ तेव्हापासून गेली ती गेलीच. मी उतरलो तेव्हा मुलीने माझ्या हातांवरचे काळे तेल पाहिले.

"बाबा, आई गेली आणि तुम्ही लिफ्ट बघत होतात?"

मी म्हणालो, "ब्रेक घासत होता."

भाऊ सगळ्यांसमोर म्हणाला की हा माणूसच नाही. मुलगी त्यानंतर सहा वर्षे माझ्याशी बोलली नाही. भावाचे नाव निघाले की माझा जबडा दुखतो. त्याच्या पाठीचे मनात आले की जबडा सुटतो आणि मांड्या जड होतात. त्यामुळे या कलमाबद्दल माझी खात्री नाही. तूर्त राहू दे.

कलम चार. निळ्या पुठ्ठ्याची वही मुलीस. दोन वर्षांपूर्वी पोट दुखायला लागले. सगळ्या तपासण्या स्वच्छ निघाल्या, म्हणून डॉक्टरांनी समुपदेशक बाईंकडे पाठवले. काय वाटतं, असे त्या विचारायच्या. मी ठीक म्हणायचो. मी टाळत नव्हतो, दुसरा शब्दच सापडत नव्हता. त्यांनी सांगितले की काहींना आतले ओळखू येत नाही आणि म्हणून सांगताही येत नाही, पण आत काही नसते असे नव्हे. तेव्हापासून मी वहीत काय घडले आणि अंगात कुठे काय झाले ते लिहितो. "शेजारणीने मुलीबद्दल विचारले. कानात दडे." असे. वही कंटाळवाणी आहे.

एकदा बाईंना यंत्रखोलीचे सांगितले. त्या म्हणाल्या, "लिफ्ट बंद असेपर्यंत तिला कुणी नेऊ शकणार नाही, असं तर तुमच्या मनात नव्हतं ना?"

मला माहीत नाही. पण त्या दिवशी मी तीन मैल चालत घरी आलो आणि दारापाशी आल्यावर लक्षात आले की बस बाईंच्या दवाखान्यासमोरूनच सुटत होती. मुलीला एवढे सांगायचे होते.

मसुदा वाचून वकीलबाई म्हणाल्या, कलम चार मेल्यावर वाचायचे नाही, आत्ताच पाठवा. मी सोमवारी टपालाने पाठवले. मंगळवार, बुधवार घरात एका खुर्चीवर टिकलो नाही.

पुरवणी. आज सकाळी मुलगी आली. कागद तिच्या हातात होता. चहा नको म्हणाली, उभीच राहिली. मग म्हणाली की त्या दिवशी तुम्ही वर होतात तेव्हा मी जिन्यात बसून आईसाठी आणलेला डबा खाल्ला. सगळा. "मला भूक लागली होती, बाबा. मी हे कुणालाच सांगितलं नाही. राग मात्र तुमच्यावर काढला."

मी तिच्याजवळ उभा राहिलो. बऱ्याच वेळाने ती बसली, मग मीही बसलो, आणि ती जाईपर्यंत उठलो नाही.

कलम तीन रद्द. भावाशी बोलून नवे लिहीन.

सही: (लिफ्टदुरुस्तीवाला)
साक्षीदार एक: तळमजल्यावरचे शिंपी
साक्षीदार दोन: समोरच्या घरातल्या निवृत्त शिक्षिका
दोघांनी माझ्यासमोर आणि मी दोघांसमोर सही केली.
स्थळ: राहते घर. दिनांक: अकरा, गुरुवार, दुपार.