निळ्या मगातले पाणी

मी, अडेलीना पोत्रात्स, माहेरची गुम्स, आल्बेर्तो पोत्रात्स यांची विधवा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धर्माने लुथरन ख्रिस्ती, धंदा कॉफी आणि कोंबड्या, राहणार आल्तू रिओ दास पेद्रास, राज्य इस्पिरितू सान्तू, ब्राझील, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. आजवर कोणाची चालली नाही, आता काय चालणार. मी शुद्धीवर आहे. शांत मात्र नाही, आणि तशी अट कायद्यात नाही, हे मी नोंदणी कचेरीतल्या बाईंना विचारून घेतले आहे. खाडाखोड करू नका, असेही त्यांनी बजावले. म्हणून एखादे कलम चुकले तर ते खोडणार नाही, पुढे बदलेन. वाचणाऱ्याने शेवटपर्यंत वाचावे.

कलम १. माझा देह आमच्या लुथरन मंडळीच्या दफनभूमीत आल्बेर्तोच्या उजव्या हाताला पुरावा. डाव्या कानाने त्याला ऐकू येत नसे. पाळक क्लेबर यांनी प्रवचनात माझी स्तुती करू नये. ते तरुण आहेत, आणि रडणाऱ्यांना बरे वाटावे म्हणून त्यांची जीभ सैल सुटते. मी पापी होते हे सांगावे. पुरावा हवा असेल तर माझी भावजय रोझालीना आनंदाने देईल. मग ख्रिस्त पाप्यांसाठी मेला हे सांगावे आणि थांबावे. त्यात माझ्या कष्टाळूपणाचे कौतुक घातले तर सगळे नासेल, दुधात लिंबू पिळावे तसे.

कलम २. माझ्या मालमत्तेपैकी अर्धी कायद्यानेच माझ्या दोन मुलांची, लेओनीदा आणि आर्नो यांची. त्या अर्ध्या भागाला मला हात लावता येत नाही. उरलेली अर्धी माझ्या मर्जीची. त्यातले हे घर मी लेओनीदाला देते. ती माझ्याजवळ राहते आणि माझी बोलणी खाते, हे भाडे पुरेसे आहे. झऱ्याजवळचा कॉफीच्या मळ्याचा उतार आर्नोला. हे मी खुशीने लिहीत नाही. आल्बेर्तोने शेवटच्या दुखण्यात माझ्याकडून तसा शब्द घेतला होता, आणि मेलेल्या माणसाशी वाद घालता येत नाही.

कलम ३. आल्बेर्तोचा ट्रॉम्बोन मंडळीच्या वाद्यवृंदाला. तो भिंतीवर टांगून ठेवू नये, वाजवावा. माझ्या दफनाला वाजवला तर सूर आधी जुळवून घ्यावेत.

कलम ४. माझी पीठ मळायची लाकडी काथवट रोझालीनाने एका लग्नाच्या वेळी नेली, ती अजून तिच्याकडेच आहे. मरताना ती तिलाच देऊन टाकावी, असे एकदा मनात आले होते. पण कचेरीतल्या बाईंनी सांगितले की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही, आणि जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला त्यातून काही मिळत नाही. रोझालीना मला साक्षीदार म्हणून हवी आहे, कारण ती खोटे बोलत नाही, फक्त वस्तू परत करत नाही. तेव्हा काथवट माझीच आहे. दफनानंतर सगळे कॉफी पीत असतील तेव्हा लेओनीदाने हे चारचौघांत सांगावे.

कलम ५. यात देण्याघेण्याचे काही नाही, पण हे लिहिल्याशिवाय माझा हात पुढे सरकत नाही.

आर्नो कॉफीच्या तोडणीत जन्मला. आल्बेर्तो खेचर घेऊन सुईणीला आणायला गेला आणि पोर तिच्या आधी आले. निळे पडलेले, रडेना, हलेना. पाळक तेव्हा महिन्यातून एकदा डोंगर चढून येत, आणि त्यांना यायला अवकाश होता. लहानपणी धर्मशिक्षणाच्या प्रश्नोत्तरीच्या वर्गात आम्हाला शिकवले होते, जीव जातोय असे दिसले आणि पाळक जवळ नसले, तर कोणीही ख्रिस्ती माणसाने पाणी घ्यावे आणि पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा द्यावा. हाताशी निळ्या एनॅमलचा मग होता, रोजच्या कॉफीचा. मी त्यातून त्याच्या डोक्यावर पाणी ओतले आणि ते शब्द म्हटले. तो रडला. सुईण पोचली तेव्हा मी त्याला पाजत होते. पुढे पाळकांनी देवळात सगळ्यांसमोर विचारले, बाप्तिस्मा कोणी दिला, कशाने दिला, कोणते शब्द उच्चारले. मी सगळ्याची उत्तरे दिली आणि मंडळीने स्तुतिगीत गायले.

हाच आर्नो मोठा होऊन दारूत बुडाला. पेंटेकॉस्टल मंडळीने त्याला बाहेर काढले. हे मी नाकारत नाही. त्यांच्या पाळकाला मी टोपलीभर अंडी पाठवली होती. पण तान्हेपणीचा बाप्तिस्मा ते मानत नाहीत, म्हणून मग त्यांनी त्याला नदीत नेऊन पुन्हा बाप्तिस्मा दिला. ओल्या केसांनी तो माझ्या स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला.

"आई, आज माझा बाप्तिस्मा झाला."

"आणि आधीचा काय होता? आंघोळ?"

"तेव्हा मला काय कळत होतं?"

"जन्मलास तेव्हा तरी काय कळत होतं? मग जन्मलाच नाहीस का?"

"तू एकटी होतीस आई. साक्षीदार कोण होतं? तुला तरी खात्रीने आठवतं का, तिन्ही नावं घेतलीस म्हणून?"

मी त्याला घराबाहेर काढले. प्रश्न मात्र घरातच राहिला. मला तो निळा मग आठवतो, आर्नोचे कपाळ आठवते, पाणी कानामागून ओघळले ते आठवते. शब्द आठवतात ते त्या दिवशीचे, की नंतर देवळात सांगितलेले, ते मला सांगता येत नाही. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. कोंबड्यांना दोनदा दाणे पडतात, भाकरी भट्टीत करपते. शेवटी पाळक क्लेबर यांना विचारले.

"अडेलीनाबाई, पाणी तुमच्या हातचं होतं. बाप्तिस्मा देवाचा होता."

"पण शब्द माझ्या तोंडचे होते ना, पाळकसाहेब? तेच पक्के आठवत नाहीत."

"तेव्हा आठवत होते, तेव्हा तुम्ही सांगितलेत. आता म्हातारपणाला उलटतपासणी घ्यायला बसवू नका."

हे ऐकून मला रविवारी बरे वाटते. सोमवारी पुन्हा जीव वरखाली होतो.

कलम ६. साक्षीदार तीन असावेत आणि त्यांना हे सगळे मोठ्याने वाचून दाखवावे, असा कायदा आहे. माझे साक्षीदार पाळक क्लेबर, रोझालीना गुम्स आणि माझा मुलगा आर्नो.

कलम ७. हे कलम मी आज रविवारी, उपासनेनंतर लिहिते आहे. बाहेर ओसरीवर सगळे कॉफी पीत खोळंबले आहेत. लेओनीदा दोनदा दारात येऊन म्हणाली, "आई, ठरव एकदाचं. भाकरी संपत आली."

झाले असे. कलम सहापर्यंत मी मोठ्याने वाचले. कलम चारला रोझालीनाने नाक मुरडले. कलम पाचला कोणी कोणाकडे पाहिले नाही. कलम सहा ऐकल्यावर लेओनीदा म्हणाली, "आई, हे बरं नाही." तिला माझा डाव कळला होता. आर्नोला साक्षीदार हवा होता ना, मग तूच हो साक्षीदार, असा तो डाव. त्याने सही केली की उतार आपोआप गेला असता. आल्बेर्तोला दिलेला शब्दही राहिला असता आणि वाईटपणा कायद्याच्या माथी गेला असता.

आर्नो इस्त्रीचा सदरा घालून आला होता. त्याने पेन घेतले.

"उतार जाणार माझा, कळलं मला," तो म्हणाला. "तुझा जीव शांत होत असेल तर जाऊ दे. कुठे करू सही?"

कप कमी पडले म्हणून लेओनीदाने त्याला निळ्या मगात कॉफी दिली होती. त्याचे लक्ष तिकडे गेले.

"हाच का तो?"

"हाच."

"खरंच निळा होतो मी?"

"या मगाहून निळा."

"घाबरली असशील तू."

"घाबरले म्हणून तर दिला. नाहीतर पाळक येईपर्यंत थांबले नसते का?"

त्याने पेन कागदाला टेकवले. मला एकदम रडू आले आणि त्याचाच राग आला. मी त्याच्या हातातून पेन ओढून घेतले.

"वारसाने सही करायची नसते," मी म्हटले. "त्याने घ्यायचं असतं, बस. मगातलं पाणी ओतलं तेव्हाही तुला तेवढंच करायचं होतं."

"आई, नदीतलं मी परत घेणार नाही हं."

"मी मागितलं का?"

तेव्हा कलम सहा बदलते. आर्नो साक्षीदार नाही. झऱ्याजवळचा उतार त्याचा, आल्बेर्तोच्या शब्दाखातर नव्हे, मी देते म्हणून. त्याने माझ्या मंडळीत परत यावे अशी अट मी घालत नाही. यावे असे मला वाटते, आणि ते मी त्याला रोज ऐकवणार आहे, पण अट नाही. अट घातली तर ते देणे कसले.

निळा मगही आर्नोला. काठाचा टवका उडाला आहे, तिकडून पिऊ नये.

ते शब्द मला अजूनही खात्रीने आठवत नाहीत. तो रडला, एवढे पक्के आठवते. उरलेले ज्याच्या नावाने पाणी ओतले त्याने आठवावे. मला हे लिहूनही स्वस्थ वाटत नाही, पण आता कोंबड्या कोंडायच्या आहेत.

आर्नोच्या जागी साक्षीदार म्हणून शेजारी एर्विन बोल्त यांना थांबवून घेतले आहे. ते अंडी न्यायला आले होते.

हे सर्व मी तिन्ही साक्षीदारांसमोर पहिल्यापासून पुन्हा मोठ्याने वाचले, आणि त्यांच्यासमोर सही केली.

सही: अडेलीना पोत्रात्स

साक्षीदार:
क्लेबर झुमाख, पाळक
रोझालीना गुम्स (कलम चार मान्य नाही, असे सांगून)
एर्विन बोल्त

स्थळ: आल्तू रिओ दास पेद्रास
दिनांक: १४ जुलै २०१९

वाचनाच्या वेळी माझा मुलगा आर्नो हजर होता. त्याची सही घेतलेली नाही, कारण तो वारस आहे.