स्नोमोबिलवरचा शेवटचा हात

मिस्त्री, तुम्ही गेलात त्याला एकोणीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळही लिहिली नाही आणि आज लिहायला बसलो आहे, कारण ही गोष्ट इंजिनाची आहे, आणि इंजिनाचं बोलणं मी पहिल्यांदा तुमच्याशीच केलं. मी आता अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे. न्यूझीलंडमध्ये, पामर्स्टन नॉर्थ नावाच्या एका लहान शहरात राहतो आणि इथल्या एका संशोधन केंद्रात शेतीची यंत्रं सांभाळतो. तुमच्या दुकानात फवारणीचे पंप आणि लुना उघडून जे हात तयार झाले, तेच अजून वापरतो. आणि तुमचा तो प्रश्नही वापरतो. कुठलंही बिघडलेलं यंत्र पुढे आलं की तुम्ही पाना उचलायच्या आधी विचारायचे, "शेवटचा हात कोनाचा होता रे?" यंत्र आपणहून बिघडत नाही, त्याला बिघडवणारा माणूस असतो, असं तुमचं म्हणणं. मी ते इतकं मनावर घेतलं की आता मला आधी माणूस दिसतो आणि यंत्र मागाहून.

इथून दोन-अडीच तासांवर रुआपेहूचा डोंगर आहे. त्यावर बर्फ पडतो आणि लोक घसरायला जातात. तिथे एका लहानशा क्लबची झोपडी आहे. झोपडीपर्यंत रस्ता नाही, म्हणून गॅसची टाकी, डाळ-तांदूळ, कुणाचा पाय मोडला तर तो माणूस, हे सगळं एका जुन्या स्नोमोबिलवरून न्यावं लागतं. तुम्हाला कसं सांगू? पुढे चाकांच्या जागी दोन पट्ट्या, मागे रणगाड्यासारखा रबरी पट्टा आणि मध्ये दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारं. म्हणजे तुमच्या फवारणी पंपाचा थोरला भाऊ. ऑफिसातल्या एकाने मला क्लबात नेलं आणि मला टू-स्ट्रोक कळतं म्हटल्यावर दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात ते मशीन ट्रेलरवर घालून माझ्या गॅरेजात आणून सोडलं. तोवर ते एक म्हातारा पाहत असे. पंचाहत्तरीचा, बायको वारलेली. डोंगराच्या पायथ्याशी क्लबची शेड आहे, तिची किल्ली त्याच्या कमरेच्या पट्ट्याला अडकवलेली असायची. हिवाळ्यात दर शनिवारी तो तिथे जाऊन बसायचा, मशीन पुसायचा, थर्मासमधला चहा प्यायचा. त्याला दुसरीकडे जायला जागा नव्हती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही होतं.

मी झाकण काढलं, कार्बोरेटर उतरवले, जेट धुतले, प्लग बदलले, पट्ट्याच्या कडा तपासल्या. मग हवेचा डबा उघडला तर आत काही नाही. नुसता रिकामा प्लास्टिकचा डबा, हवा यायला भोकं, आणि फिल्टरच्या नावाने शून्य. मिस्त्री, तुमचं दुकान जिनिंगच्या बाजूला होतं. दिवाळीनंतर कापसाचा फुफाटा असा उडायचा की चहावर साय धरल्यासारखा दिसायचा. फिल्टर नसलेलं इंजिन आलं की तुम्ही गिऱ्हाइकाला म्हणायचे, "याचं नाक कोनं कापलं बाप्पा?" मीही तेच म्हणालो. कुणीतरी फिल्टर काढला, फाटला म्हणून फेकला आणि नवा बसवायचा आळस केला. कुणी, हे विचारायची गरज नव्हती. शेवटचा हात माहीत होता. त्याच वेळी डब्याची एक चाप तारेने बांधलेली दिसली आणि माझी खात्री झाली. फोन करून त्याला एक शब्द विचारला असता तर ही गोष्ट तिथेच संपली असती. पण चोराला विचारून चोरी कळते का, असं मला वाटलं. तुम्ही एसटीच्या फाटक्या सीटचा फोम कापून, ऑइलमध्ये पिळून फिल्टर करायचे. मी आमच्या जुन्या सोफ्याच्या उशीचा केला. कात्रीने नीट चौकोन कापला, ऑइल लावलं, डब्यात बसवला. मागचा पट्टा स्टँडवर उचलून इंजिन चालवलं, तर काय आवाज! बायकोला बाहेर बोलावून ऐकवला.

जूनमध्ये, इथला हिवाळा लागल्यावर, मशीन डोंगरावर म्हाताऱ्याकडे गेलं. दहा मिनिटं चाललं आणि वाऱ्यावर बर्फ उडायला लागल्यावर धापा टाकत बंद पडलं. प्लग काळे, ओले. ट्रेलरवर घालून घरी आणलं, दुसऱ्या दिवशी गॅरेजात दोरी ओढली तर पहिल्या झटक्यात चालू. आता तुम्हीच सांगा, माझ्याकडे चालणारं आणि म्हाताऱ्याकडे बंद पडणारं मशीन, याचा अर्थ काय घ्यायचा? मी डब्यांतलं पेट्रोल गाळून पाहिलं, पाणी नव्हतं. मग वाटलं, म्हातारा स्क्रू फिरवतो. माझं नाव होऊ नये म्हणून. मी बायकोच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका प्रत्येक स्क्रूवर लावला, म्हणजे कुणी हात लावला तर तडा दिसेल. ती दारात उभी राहून पाहत होती. म्हणाली, "अहो, सकाळी पंचशील म्हणायचं आणि दुपारी पोलिसगिरी करायची?"

मी म्हटलं, "तुला यातलं कळत नाही."

"मला मशीनमधलं नाही कळत. तो बिचारा दर वेळी तुमच्यासाठी फिजोआच्या पिशव्या पाठवतो, एवढं कळतं."

"फिजोआ का पाठवतो, ते तरी कळतं का?" मी म्हटलं. मिस्त्री, इथल्या कुंपणांवर पिकणारं ते आंबटगोड फळ कुणीही कुणालाही देतं. पण मला त्या पिशवीतही लबाडी दिसायला लागली होती.

दुसऱ्या वेळी मशीन झोपडीपासून दीड किलोमीटरवर बंद पडलं. मागे गॅसच्या टाक्या होत्या आणि चालवत होता म्हाताराच. ढग उतरलेले. तो गुडघ्याएवढ्या बर्फातून चालत खाली आला. लाल ठिपके तपासले तर एकालाही तडा नव्हता. तिथे माझा संशय फिटायला हवा होता. तो वाढला, की आता हा जास्त हुशारीने करतो. क्लबच्या सेक्रेटरी बाईंनी फोन केला. शाळेत शिकवणारी, सरळ स्वभावाची बाई. म्हणाली, "मला फक्त एवढं सांग, घरी चालतं आणि वर का नाही?" मी म्हटलं, "शेडमध्ये त्याच्याशिवाय कुणाचा हात लागत नाही." बस, एवढंच. आरोप केला नाही, पण दुसरा अर्थ निघायला जागाही ठेवली नाही. पुढच्या शनिवारी बाईंनी म्हाताऱ्याकडून किल्ली मागून घेतली आणि मला दिली. त्याने पट्ट्यावरून काढायला बराच वेळ लावला. बोटं थंडीने आखडली असतील. मी दुसरीकडे पाहत होतो.

त्या दिवसांत मला माझी एकविशी फार आठवायची. त्या बागाईतदाराचा पंप जाम झाला होता. पिस्टन घासून गेला होता. तुम्ही सगळ्या गिऱ्हाइकांसमोर विचारलं, शेवटचा हात कोनाचा, आणि माझ्याकडे बोट केलं. मी नुसता एक बोल्ट कसला होता. तुम्ही म्हणालात, "घरी बस. तुझ्या हाताले भान नाही." आठ दिवस मी घरी बसलो. नवव्या दिवशी दुपारी तुम्ही आमच्या स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसलात, आईने ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी वाढली. तुम्ही दोन भाकरी खाल्ल्या, आईला म्हणालात, "भाजी झनक आहे वहिनी," आणि उठताना माझ्या हातात फटी मोजायच्या पात्यांचा कोरा फीलर गेज ठेवलात. "उद्यापासून ये." एवढंच. तो पंप का जाम झाला, ते तुम्ही कधीच सांगितलं नाही. पण तो गेज हातात घेतल्यापासून माझ्या मनात आहे, की पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं तुम्हीच विसरला होता. मी आठ दिवस कुणाच्या चुकीपायी घरी बसलो? विहारात रविवारी तुमच्या शेजारी बसून वंदना म्हणताना मी तुमच्या तोंडाकडे पाहायचो. काही कळायचं नाही.

तिसऱ्या वेळी, ऑगस्टमध्ये, मी स्वतः चालवायला गेलो. म्हातारा मागच्या सीटवर बसला होता, पाहुण्यासारखा. मशीन पुन्हा त्याच जागी बंद पडलं. मी प्लगपाशी वाकलो तर तो म्हणाला, "हवेचा डबा उघडून पाहू का?" माझी परवानगी मागत होता, मिस्त्री, वीस वर्षं पाहिलेल्या मशीनला हात लावायला. मी मान हलवली. त्याने तार सोडली, हात घातला आणि माझा फोम बाहेर काढला. तो फोम राहिला नव्हता. बर्फाची पांढरी वीट झाली होती. त्यातून श्वास काय, सुई गेली नसती. घरी येईपर्यंत ती वितळायची आणि मला नुसता ओलसर फोम दिसायचा. ती ओल ऑइलची समजून मी तो तसाच सोडून द्यायचो.

"हा सोफा कुणी कोंबला इथे?" त्याने विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणालो.

त्याने कडा पाहिल्या, सरळ कापलेल्या. "उंदीर असेल. हुशार आहे, दोस्ता. कात्री वापरतो." मग डबा पुसत, जणू वाऱ्याला सांगावं तसं म्हणाला, की या मशीनला कारखान्यातूनच फिल्टर नसतो. बर्फावर धूळ कुठून येणार? त्याने दोरी ओढली आणि इंजिन लागलं.

त्यानंतर तीन आठवडे किल्ली माझ्या गॅरेजात खिळ्याला होती. रोज सकाळी मेणबत्ती लावून मी त्रिसरण म्हणतो, मग पंचशील. पहिली तीन शीलं मोठ्याने म्हणायचो, चौथं पुटपुटायचो, पाचवं पुन्हा मोठ्याने. खोटं बोलण्यापासून अलिप्त राहण्याचं ते शील माझ्या घशाखाली उतरत नव्हतं. एक दिवस स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, चौथं कुठं गेलं?" मग तिला सगळं सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? किल्ली माझी होती का?"

सप्टेंबरच्या बैठकीला बारा माणसं होती. मी उभा राहिलो आणि माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणालो, की फोम मी बसवला होता, तिन्ही वेळा मशीन त्या फोमनेच बंद पडलं, आणि शेडबद्दल मी जे बोललो ते चूक होतं. मी टेबलाला वळसा घालून किल्ली म्हाताऱ्याच्या पुढ्यात ठेवली. तो म्हणाला, "स्वीट ॲज," म्हणजे इथल्या बोलीत ठीक आहे, आणि ती तिथल्या तिथे पट्ट्याला अडकवली. कुणीतरी चहाचं विचारलं. मला वाटलं, झालं. तुम्हाला जे जमलं नाही ते मी बारा माणसांत केलं, असंही मनात येऊन गेलं. ते तुमच्यापासून कशाला लपवू?

परतताना त्याला मी घरी सोडायला निघालो. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्याने समोर पाहतच विचारलं, "वर मी विचारलं तेव्हा तू माहीत नाही म्हणालास."

"विसरलो होतो," मी म्हटलं. "उन्हाळ्यातलं काम. नंतर घरी आल्यावर आठवलं."

"होतं असं," तो म्हणाला, "आपल्या वयात." आणि त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मिस्त्री, त्याचं वय पंचाहत्तर आहे. मी विसरलो नव्हतो.