कुंकवावर आळ

मुदखेड, शुक्रवार, संध्याकाळ

म्हणे कुंकू! लॅपटॉपची ब्राइटनेसची दोन बटणं चालत नाहीत म्हणून आज नांदेडला नेला. दुकानदार नुसता उघडून म्हणाला, "मॅडम, बटणांत कुंकू गेलंय. कीबोर्ड बदला, आन् ते लिनक्स बी काढून टाका."

सासूबाई सोबत होत्या. दसऱ्याच्या पूजेत कीबोर्डवर कुंकू त्यांनीच वाहिलं होतं. घरी आल्यावर म्हणाल्या, "माझ्याच हातानं वाटोळं झालं गं."

माझं डोकंच फिरलं. त्याच दसऱ्याच्या मुहूर्तावर मी विंडोज काढून लिनक्स टाकलं होतं, बिघाड त्यातलाही असू शकतो, ते कुणी का बघत नाही? शेजारचं आवाजाचं बटण तर कुंकवानं लालभडक आहे, आणि ते मस्त चालतं! मग दोष कुंकवाचा कसा?

चहासुद्धा न घेता बसले. लिनक्स सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये ब्राइटनेससाठी एक ओळ लिहिली. चुकली. दुसरी लिहिली, लॅपटॉप बंद करून चालू केला आणि हाक मारली, "आई, हे बटण तुम्हीच दाबा."

त्यांनी भीत भीत दाबलं. स्क्रीन मंद झाली. पुन्हा दाबलं, आणखी मंद. "आगं बाई, चालून राहिलं की!"

लिनक्स राहणार. कीबोर्डही हाच राहणार. बटणावरचं कुंकू मी पुसणार नाही. येत्या दसऱ्याला त्यांच्याच हातानं पुन्हा लावून घेणार, चांगलं ठसठशीत.