पोलादी बाहूची चढती कमान

७ ऑक्टोबर, सोमवार
हिरोशिमाहून शुसाकुचा फोन. माझ्या बायकोचा, मिनाएचा, धाकटा भाऊ. त्याच्या फर्निचर कंपनीच्या गोदामात सुपरवायझरची जागा एप्रिलपासून रिकामी होतेय. राहायला घर, आमच्या लेकीला, काहोला, शाळा चालत जाण्याजोगी. म्हणाला, दाजी, तुमच्यासाठी धरून ठेवतो, पण फेब्रुवारी संपेपर्यंत हो की नाही ते कळवा. त्यापुढे माझ्या हातात काही नाही.
विचार करून सांगतो म्हटलं.
मिनाए म्हणाली, यात विचार कसला? गेल्या महिन्यात आपण दोन उशा विकल्या. त्यातली एक माझ्या आईने घेतली.
मिनाएला सीझन कळत नाही. गाद्यांचा धंदा थंडीत उठतो. आमच्या एबिसु बाजारपेठेत उराबे गादी भांडार तीन पिढ्या उभं आहे.
तरीही निर्णय घेणार. पण माणसाने निर्णय उंचीवर उभं राहून घ्यावा. म्हणून ठरवलं: आधी ‘शुभ्रशिखर’ या ऑनलाइन खेळात पहिला क्रमांक, मग शुसाकुला फोन. अकरा वर्षं खेळतोय, अर्धवट सोडणं स्वभावात नाही.
माझा योद्धा पोलादी बाहू. आजचा रँक दोनशे बारा.

१६ ऑक्टोबर, बुधवार, दुपार
गिऱ्हाईक नाही, त्यामुळे खेळ सलग. काउंटरमागे लॅपटॉप ठेवला की बाहेरून हिशेब चालल्यासारखा दिसतो.
रोल-प्लेइंग गेमची लोक चेष्टा करतात. त्यांना त्यातला न्याय दिसत नाही. रानडुक्कर मारलं की गुण मिळतात. दरवेळी मिळतात. शंभर मारलीत तर लेव्हल वाढणारच. गाद्यांचं तसं नाही.
खेळातल्या राजधानीतली माणसंही बरी. विहिरीजवळची म्हातारी अकरा वर्षं एकच वाक्य म्हणतेय: उत्तरेकडे जपून जा, बाळा. मिनाए रोज नवीन काहीतरी बोलते.

५ नोव्हेंबर, मंगळवार
रँक एकशे चार! महिन्याभरात निम्म्यावर. माझी तलवारीची नवी पद्धत लागू पडतेय.
शेजारचा छत्रीवाला तोकुनागा दुकान बंद करतोय. मुलीकडे जाणार म्हणे, काम मिळेल ते करणार. निरोप घ्यायला आला तेव्हा म्हणाला, उराबे, तुझी काही ऑफर वगैरे असेल तर धर रे बाबा, मागे बघू नकोस. ज्याला पडत्या पावसात छत्र्या खपवता आल्या नाहीत तो माणूस मला सल्ला देतोय. सौजन्य म्हणून हिरोशिमाची जागा, शुसाकुचं नाव, सगळं सांगितलं, म्हणजे माझी किंमत त्याला कळावी. त्याने शुसाकुचा नंबर विचारला. दिला. मनाने मोठा आहे मी.

१९ नोव्हेंबर, मंगळवार
रँक सत्तावन्न.
एक निरीक्षण. राजधानीच्या वेशीबाहेर लांडगे बसायला लागलेत. पूर्वी नवशिकी पोरं त्यांना जंगलातच संपवायची, वेशीपर्यंत एकही पोचायचा नाही. आता दरवाज्याबाहेर रांगेने बसून असतात. हल्ला करत नाहीत. आत बघत राहतात.
कंपनीने मुरलेल्या खेळाडूंसाठी आव्हान वाढवलंय, हे उघड आहे. स्वागतार्ह.

२ डिसेंबर, सोमवार
माझ्या टोळीतली वैद्यीण ‘चेरीचं पान’ हिने निरोप घेतला. बाळंतपण जवळ आलंय. जाताना उरलेली सगळी औषधं माझ्या नावावर केली आणि लिहिलं, दादा, तुम्हीही आता थोडं बाहेर पडा. मी विचारलं, कुठल्या दरवाज्याने?
टोळीत आता मी एकटा. म्हणजे लूट वाटून द्यावी लागत नाही.

२२ डिसेंबर, रविवार
बाजारपेठेची वर्षअखेरची सोडत. लाकडी पिंप फिरवलं, सोनेरी गोटी पडली. पहिलं बक्षीस! घंटा वाजवायला कोणी नव्हतं म्हणून चहाच्या दुकानाचे निशिगाकी-सान स्वतःच टेबलामागून उठले, घंटा वाजवली, परत बसले.
बक्षीस म्हणजे कोतात्सुवर, खाली शेगडी असलेल्या बुटक्या टेबलावर, घालायची जाड रजई. आपल्याच दुकानाने देणगी दिलेली. घरी आणली तेव्हा मिनाए बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली. काहो म्हणाली, बाबा, पिंपात दुसऱ्या गोट्या होत्या ना?
नशीब फिरलंय. रँक एकोणीस.

३ जानेवारी, शुक्रवार
संकल्प:
रोज तीन तास खेळ, जास्त नाही.
शुसाकुला नववर्षाचं कार्ड. त्यात सूचक भाषेत होकार.
दुकानाच्या काचा पुसणे.

६ जानेवारी, सोमवार
कार्ड लिहिलं. होकार जरा जास्तच सूचक झाला असावा. मिनाएने वाचून विचारलं, यात तू फक्त हवामानाबद्दल का लिहिलंयस?
खेळ नऊ तास. सुटीचा शेवटचा दिवस धरला.

१४ जानेवारी, मंगळवार
बाजारपेठ संघटनेची बैठक. हजर: निशिगाकी-सान आणि मी. एकमताने माझी अध्यक्षपदी निवड. बेचाळिसाव्या वर्षी! वडिलांना हा मान सत्तरीतही मिळाला नव्हता.
निशिगाकी-सान महिनाअखेर दुकान बंद करून वृद्धाश्रमात चाललेत. त्यांनी बाजारपेठेच्या छताच्या दिव्यांची किल्ली दिली. म्हणाले, उराबे-कुन, संध्याकाळी दिवे लावायचे ते लोकांसाठी नाही हो. अंधार आत येऊन बसू नये म्हणून. एकदा बसला की उठत नाही.
वय झालंय त्यांचं.
मिनाएला बातमी सांगितली. म्हणाली, अध्यक्ष कोणाचा? मी म्हटलं, संघटनेचा. म्हणाली, हो, पण कोणाचा?
रँक आठ.

२७ जानेवारी, सोमवार
दिवे लावायला गेलो तर अर्धे लागतच नाहीत. स्पीकरवरची बाजारपेठेची धून मात्र चालू आहे. बंद कुठून करायची ते निशिगाकी-सान सांगायचे विसरले. रिकाम्या गल्लीत ती पुढच्या टोकाला जाऊन परत येते, तेव्हा दोन धुना वाजल्यासारख्या वाटतात.
राजधानीतही शांतता. म्हातारी विहिरीजवळ नाही. विहीर आहे. तिचं वाक्य मात्र तिथे गेलं की स्क्रीनवर येतं. छोटा बग असावा. कंपनीला कळवलं. आलेलं उत्तर आपोआप पाठवलेलं होतं.
लांडगे वेशीच्या आत आलेत. बाजारचौकाच्या कडेने बसतात.
रँक तीन. तिघांतच चुरस राहिली आहे, ही दर्जाची खूण.

८ फेब्रुवारी, शनिवार
मिनाएने सकाळी विचारलं, दादाला काय सांगू? माझ्या मते शुसाकु धाकटा, त्याला दादा म्हणायचं कारण नाही, तसं मी तिला म्हटलंही. तिने सांगितलं, कंपनीत काम मागायला जाणारा प्रत्येक माणूस त्याला दादाच म्हणतो, आणि मीही आता त्यांच्यातलीच.
मग म्हणाली, काहोचं नाव तिकडच्या शाळेत घालायचंय, मुदत आहे. मी पुढे जाते. तू ये. येशील ना?
येणारच म्हटलं. दोनच माणसं मागे टाकायची राहिलीत.
तिने विचारलं, कोण? मी सांगितलं. ती बॅग भरायला उठली.

११ फेब्रुवारी, मंगळवार
दोघी नऊच्या बसने गेल्या. काहोने बसमधून हात हलवला. नंतर लक्षात आलं, ती मला काहीतरी दाखवत होती. मागे वळून पाहिलं तर बसस्टॉपपासून दुकानापर्यंत सगळी शटरं खाली. हेच दाखवत असेल. पोरीला नीटनेटकेपणा आवडतो.
आता पूर्ण एकाग्रता. डब्यातला भात तीन दिवस पुरेल.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
रँक दोन. आता समोर एकच, ‘राखाडी मांजर’. आज चौकात भेटला. कारंज्याच्या काठावर बसलेला, चारी बाजूंना लांडगे.
त्याने लिहिलं, अरे, तुम्ही अजून इथे? मला वाटलं मीच शेवटचा.
मी लिहिलं, सावध राहा, आठवड्याभरात तुम्हाला मागे टाकणार.
मग आलं, खरंच टाकाल? मला केव्हाचं जायचंय हो. पण पहिल्या नंबरवर असलं की उठवत नाही. घरचे उठून गेले, मी नाही उठलो.
मग आणखी एक ओळ. लांडग्यांकडे बघू नका. त्यांना घाई नाही.
मानसिक दबाव टाकायची जुनी युक्ती आहे ही. मी बधणारा नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार
मिनाएचा फोन. घर छान आहे, खिडकीतून ट्राम दिसते. काहोला मैत्रीण मिळाली. म्हणाली, शुक्रवार शेवटचा दिवस, तोही सकाळी अकरापर्यंतच. दादाला तूच फोन कर, माझ्या तोंडून नको. नुसतं हो म्हण. एवढं एकच मागतेय.
शुक्रवारी नक्की, म्हटलं. शुक्रवारी दोन्ही गोष्टी एकदम होतील.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार, सकाळी १०
पहिला!
पहाटेपर्यंत मांजर पुढे होतं. सकाळी यादी उघडली तर त्याचं नावच नाही. खातं काढून टाकलंय. हार सहन न होणारी माणसं असतात.
यादीत आता एकच ओळ. माझी.
लगेच राजवाड्याकडे निघालो. पायऱ्या चढताना मागे वळून पाहिलं नाही.

दुपारी १
राज्याभिषेक सुरू. राजाने भाषण केलं: सारी नगरी तुझ्या गौरवासाठी जमली आहे. दरबारात लांडगे. पोलादी बाहूने गुडघा टेकला. मग स्क्रीनवर पाटी: मुकुट चढवण्यासाठी दुसऱ्या क्रमांकाच्या वीराची प्रतीक्षा.
इतक्या वर जाण्याची वेळ पूर्वी आली नव्हती, त्यामुळे हे कलम वाचनात नव्हतं.

दुपारी ३
अडचण मोठी नाही. यादीत कोणीही आलं की आपोआप दुसरं. मिनाएला फोन केला. पहिल्या रिंगलाच उचलला. म्हणाली, केला नाहीस ना फोन त्याला?
मी तिला शांतपणे सगळं समजावलं. खातं फुकट आहे, डाउनलोडला वीस मिनिटं, एकच बटण दाबायचं.
तिच्या मागे ट्रामची घंटा ऐकू आली. मी विचारलं, ऐकतेयस ना?
मग म्हणाली, दादाने सकाळी अकरापर्यंत वाट पाहिली. जागा तुझ्या त्या छत्रीवाल्याला दिली. तोकुनागा-सान नोव्हेंबरपासून दर सोमवारी फोन करून विचारत होते, उराबेंनी नाही म्हटलं का अजून? आधी तुझं होऊ दे म्हणून थांबले होते रे ते.
मी म्हटलं, ठीक आहे, त्यावर नंतर बोलू, पण ते बटण.
फोन कट झाला. तिकडे रेंजचा प्रश्न दिसतोय.

संध्याकाळी ५
दिवे लावायला गेलो. एकही लागला नाही. धून चालू आहे. शटर आतून ओढून घेतलं.
लांडगे सिंहासनाच्या पायरीपर्यंत आलेत. पोलादी बाहू अजून गुडघ्यावर आहे. समारंभ पुरा झाल्याशिवाय उठता येत नाही, तसा नियमच आहे.